झाडाला नोटीस लागते, मग इमारतीला का नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शहरातले एखादे झाड तोडायचे असेल तर वृक्ष अधिकाऱ्याला आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. ती वर्तमानपत्रात येते, झाडाच्या बुंध्यावर चिकटवली जाते आणि कोणाही नागरिकाला त्यावर हरकत घेता येते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यातच तशी तरतूद आहे. पण त्याच झाडामागच्या प्लॉटवर सात मजली इमारत किंवा मंगल कार्यालय उभे राहणार असेल, तर भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्याला आधी कळवण्याचे बंधन कोणावरही नाही. जागेवर फलक लागतो तो परवानगी मिळाल्यावर. म्हणजे शेजाऱ्याला बातमी कळते ती जेसीबी दारात आल्यावर, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असते. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, शेळगी, बाळे या वाढत्या भागांतल्या बांधकामांबद्दलच्या बहुतेक भांडणांचे मूळ या एका उणिवेत आहे. ती दूर करायला मुंबईहून कायदा बदलून येण्याची वाट पाहायची गरज नाही. महापालिका आयुक्तांच्या एका परिपत्रकाने बरेच काही साधेल, म्हणून हे पत्र.

या सगळ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. रहिवाशाचे म्हणणे ऐकण्याची सोय त्यात आहे, पण ती आराखड्याच्या पातळीवर. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कलम २६ प्रमाणे ३० दिवसांत हरकती आणि सूचना देता येतात. कलम २८ प्रमाणे नियोजन समिती त्या ऐकते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी तिची रचना. हरकत घेणाऱ्याला म्हणणे मांडण्याची आणि कागदपत्रे दाखल करण्याची संधी द्यावीच लागते. पुढे मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करायचा झाला, म्हणजे एखादे आरक्षण उठवायचे, शेती विभागातली जमीन रहिवास विभागात घ्यायची किंवा रस्त्याची आखणी सरकवायची, तर कलम ३७ प्रमाणे पुन्हा महिनाभराची नोटीस आणि बाधितांची सुनावणी.

इथवर ठीक आहे. प्रत्यक्ष बांधकामाचा अर्ज मात्र कलम ४४ खाली येतो, कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो, आणि या दोन कलमांच्या मध्ये शेजारी कुठेच नाही. अर्ज आल्याचे त्याला कळत नाही, नकाशा दिसत नाही. मंजुरीविरुद्ध अपील करावे तर कलम ४७ चे ४० दिवसांचे अपील फक्त अर्जदारासाठी आहे. दिवाणी दावा लावावा तर पालिकेचे आदेश अंतिम मानणारे कलम १४९ आडवे येते. उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेल्याने मुंबईची खेप वाचली, हे चांगलेच झाले. पण विडी वळून किंवा मागावर राबून दीड-दोन गुंठ्यांवर घर बांधलेल्या कुटुंबाला कोल्हापूरही परवडत नाही. मोठ्या प्रकल्पांत तरी जनसुनावणी होत असेल, असा एक समज आहे. तोही खरा नाही. २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे.

जिथे सुनावणी आहे तिथेही ती लोकांपर्यंत पोहोचत नाही, कारण नोटिशीची भाषा. कलम ३७ ची नोटीस साधारण अशी असते: 'मौजे मजरेवाडी, जुना स.नं. अमुक, नवा स.नं. तमुक/२अ/१ पैकी क्षेत्र ०.८० हे.आर. शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे.' हे वाचून आसरा चौकात राहणाऱ्या माणसाने काय समजावे? ही जागा आपल्या गल्लीच्या टोकाची की चार किलोमीटर लांबची? सोलापुरात तर एकाच जागेला कुठे सिटी सर्व्हे नंबर, कुठे टी.पी. स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, फायनल प्लॉट नंबर, कुठे जुना आणि नवा सर्व्हे नंबर. मालकाला यातला आपला नंबर माहीत असतो, शेजाऱ्याला नसतो. नोटिशीत 'अमक्या शाळेच्या उत्तरेला, तमक्या टाकीपासून दोनशे मीटरवर' अशी एक ओळ आणि सोबत हाताच्या पंजाएवढा नकाशा छापायला काहीच अडचण नाही. कायद्याने मनाई केलेली नाही, फक्त प्रथा नाही. शिवाय पूर्व भागातली हजारो कुटुंबे घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडच्या बाजूला कन्नड बोलणारे आहेत, उर्दू वाचणारे आहेत. राजपत्र आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बारीक अक्षरांतली नोटीस म्हणजे 'प्रसिद्धी' असे मानणे हा या लोकांवर अन्याय आहे. निदान झोन कार्यालयाच्या फलकावर तरी त्यांच्या भाषेत चार ओळी हव्यात.

आता नकाशाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. बांधकामाचा नकाशा समोर आला तर सामान्य माणूस घाबरतो, पण त्यातले मोजके मुद्दे कोणालाही वाचता येतात. इमारतीचा तपशील १:१०० या प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर एक मीटर. अस्तित्वातला रस्ता हिरव्या रंगात, नवे बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळ्या रेघांत. सर्वांत आधी रस्त्याची रुंदी पाहावी. किती एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम) मिळणार, उंची किती जाणार, मंगल कार्यालय किंवा रुग्णालयासारखा वापर तिथे चालणार की नाही, हे सगळे त्या एका आकड्यावर ठरते. आणि सर्वांत जास्त खोटेपणा त्याच आकड्यात होतो. नकाशावर ९ मीटर लिहिलेले असते, जागेवर टेप लावली तर साडेसहा भरते. कधी रस्ता विकास योजनेत ९ मीटरचा असतो पण ताब्यात आलेला नसतो, कधी समोरच्या घराचा ओटा आणि जिना मोजणीत रस्ता म्हणून धरलेला असतो. छाननी करणारा अभियंता प्रत्येक जागेवर जाऊन तीन ठिकाणी टेप लावत नाही, लावणे त्याला शक्यही नाही. शेजाऱ्याला मात्र दहा मिनिटांत ते जमते. म्हणूनच मी म्हणतो की शेजाऱ्याला विचारणे हा त्याच्यावर उपकार नाही. छाननी अचूक होण्यासाठी पालिकेलाच त्याची गरज आहे.

दुसरे पाहायचे ते सामासिक अंतर, म्हणजे इमारतीच्या चारही बाजूंना सोडायची मोकळी जागा. इमारत उंच होते तसे हे अंतर वाढते, आणि अग्निशमन बंब आत शिरेल की नाही तेही त्यावरच अवलंबून असते. तिसरे, पार्किंग. मोटारीच्या एका जागेसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ बाय २ मीटर धरतात. नकाशात या चौकटी काढलेल्या असतात, पण त्यातली एखादी खांबावर येते, एखादीतून गाडी बाहेर काढायला शेजारची गाडी हलवावी लागते, आणि एखादी भूमिगत टाकीच्या झाकणावर असते. चौथे, ले-आउटमधली खुली जागा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. एकराच्या ले-आउटला साधारण चार गुंठे झाले. ती कुठे दाखवली आहे ते पाहावे. ओढ्याच्या काठाला, उच्चदाब तारांखाली किंवा कोपऱ्यातल्या त्रिकोणात दाखवलेली खुली जागा मुलांना खेळायला उपयोगाची नसते. पाचवे, ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडाला पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था. वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात तो खड्डा कागदावरच राहिला, तर उन्हाळ्यात बोअर आटतात ते शेजाऱ्यांचेही.

काही जागांचे आणखी वेगळे निर्बंध आहेत. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी लागते. होटगी रोड विमानतळाच्या आसपास उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. यांची प्रत प्रकरणात आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

हे पाहायला मिळणार कुठे, असा प्रश्न येईल. परवानगी झालेल्या प्रकरणांसाठी रस्ता आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. हे फार थोड्यांना माहीत आहे. सोमवारी दाद मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचे तिकीट आणि ३० दिवस. अर्ज लिहिताना 'बेकायदा बांधकामाची माहिती द्यावी' असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. प्लॉटचा नंबर देऊन 'मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याचे प्रमाणपत्र आणि रस्ता रुंदीबाबतचा स्थळपाहणी अहवाल यांच्या प्रती' अशी कागदांची नावे घेऊन मागावे. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरही मंजूर नकाशे मिळतात. पण हे सारे परवानगीनंतरचे. प्रलंबित अर्ज पाहायचा तर आज कोणाच्या तरी ओळखीने टेबलापर्यंत पोहोचावे लागते, आणि ओळख नसलेल्याने काय करायचे हा प्रश्न तसाच उरतो.

हरकती का फेटाळल्या जातात, याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. दोनशे सह्यांचा अर्ज येतो, त्यात लिहिलेले असते की मंगल कार्यालयामुळे त्रास होईल, वसाहतीची शांतता भंगेल, पोरांच्या परीक्षा आहेत. भावना खरी असते, पण नियमावलीच्या कोणत्या अटीचा भंग होतो ते त्यात नसते, म्हणून 'हरकतीत तथ्य आढळून येत नाही' अशा एका ओळीत ती निकाली निघते. त्याच वसाहतीने एका पानावर असे लिहावे: प्लॉट नंबर आणि सर्व्हे नंबर अमुक. प्रस्तावित वापर मंगल कार्यालय. प्रवेशाच्या रस्त्याची रुंदी तीन ठिकाणी मोजली, ती ६.४, ६.७ आणि ६.५ मीटर भरली, टेपसह छायाचित्रे जोडली आहेत. विकास योजनेचा पार्ट प्लॅन (त्या जागेपुरता नकाशाचा उतारा) जोडला आहे. नकाशात रस्ता ९ मीटर दाखवला असल्यास संयुक्त मोजणी व्हावी, त्या वेळी आम्हाला हजर राहू द्यावे, आणि निर्णयाआधी प्रत्यक्ष सुनावणी मिळावी. अशा हरकतीला एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण फाइलवर ती राहते आणि उद्या न्यायालयात वाचली जाते. आवक शिक्का आणि क्रमांक घेतलेली दुसरी प्रत जपून ठेवावी. एकाच मजकुराच्या दोनशे छापील प्रती देण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पाच हरकती जास्त वजनाच्या ठरतात.

झोन दाखला आणि पार्ट प्लॅन नगररचना विभागात शुल्क भरून कोणालाही मिळतो. विकास योजनेच्या मोठ्या नकाशावर बोट ठेवून अंदाज बांधू नये. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर, नुसती रेघेची जाडीसुद्धा एखाद्या घराला आरक्षणात घेऊ किंवा त्यातून बाहेर काढू शकते. शंका असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आणि आखणी हाच उपाय आहे.

आता परवानगीनंतर काय बिघडते ते. बांधकाम जोत्यापर्यंत, म्हणजे जमिनीवरच्या पायाच्या पातळीपर्यंत, आले की वास्तुविशारद ते मंजूर नकाशाप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र देतो. पुढचे सगळे चुकते ते इथेच, कारण जोते एक मीटर बाहेर सरकले की वरचे सगळे मजले तेवढेच बाहेर जातात, आणि मग पाडायला कोणाचा हात धजत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने तक्रार करायची ती जोत्याच्या वेळी, तिसरा स्लॅब पडल्यावर नव्हे. त्यानंतर खालच्या पार्किंगला शटर लागून गाळे होतात, गच्चीवर पत्र्याचे शेड चढते, रहिवासी इमारतीत क्लास आणि गोदाम येते. भोगवटा प्रमाणपत्र न घेताच लोक राहायला येतात, कारण वीज आणि नळ तोवर मिळालेला असतो. अनधिकृत विकासाला कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. गाळ्याच्या एका महिन्याच्या भाड्यातून हा दंड भरून निघतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती (दंड) लागू शकते, पण अनेकांच्या मनात ती भरली म्हणजे बांधकाम कायम झाले असाच समज बसला आहे. तसे नाही. कर किंवा शास्तीची पावती हा परवाना नव्हे.

फ्लॅटधारकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. मंजूर ले-आउट किंवा नकाशा बदलायचा असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकाम करणाऱ्याला दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते. करारनाम्यात घुसवलेल्या 'भविष्यातील सर्व बदलांना मान्यता' या वाक्यावर विसंबून नकाशा बदलला जात असेल तर महारेराकडे तक्रार करावी. सुधारित परवानगीच्या प्रकरणात संमतिपत्रे जोडली आहेत का, हे पालिकेनेही तपासायला हवे.

आरक्षणे कशी हातची जातात, हा तर सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय व्हायला हवा. विकास योजनेत बाग, शाळा, क्रीडांगण म्हणून ठेवलेली जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही तर कलम १२७ खाली मालक पालिकेला खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप उठते. कलम ३७ सारखी इथे रहिवाशांची सुनावणी नसते. सूचना एखाद्या टेबलावर येते, एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाते, पैसे नाहीत म्हणून थांबते, आणि २४ महिने संपतात. मालकाला दोष देण्याचे कारण नाही, त्याची जमीन दहा-वीस वर्षे अडकून पडलेली असते. पण पैसे नसले तरी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन किंवा समावेशक आरक्षणातून, म्हणजे मालकाला काही बांधू देऊन उरलेली जागा सार्वजनिक कामासाठी घेऊन, मार्ग निघतो. त्यासाठी मुदत संपण्याच्या सहा महिने आधी तरी कोणाच्या लक्षात यायला हवे. आलेल्या खरेदी सूचनांची यादी, त्यांच्या तारखा आणि २४ महिने कधी पूर्ण होतात हे पालिकेने दर तीन महिन्यांनी जाहीर केले तर त्या त्या वसाहतीचे लोक स्वतःच पाठपुरावा करतील. ज्यांच्या मुलांना मैदान हवे आहे त्यांच्याइतकी चिकाटी कोणत्याही खात्यात नसते.

गुंठेवारीबद्दल थोडक्यात. हद्दवाढीनंतर शहराभोवती सामाईक सातबाऱ्यावर विकलेल्या गुंठ्यांतून वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे ले-आउटच नसल्याने खुली जागा नाही, रस्ते निमुळते, ड्रेनेजला उतार नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमितीकरणाची वाट मिळाली. ती करताना एकेक प्लॉट सुटा नियमित न करता पूर्ण वसाहतीचा नकाशा आधी रहिवाशांसमोर ठेवून रस्त्यांची रुंदी ठरवावी. नाहीतर प्रत्येकाचे घर नियमित होते आणि गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही.

कायद्यात लोकांच्या सहभागाची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे क्षेत्रसभा, प्रभागातल्या एका भागातील मतदारांची सभा. २००९ मध्ये महापालिका अधिनियमात ही तरतूद आली. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, त्यांत स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही घेता येतात. पण एका प्रभागात चार-चार नगरसेवक आल्यावर क्षेत्रसभा बोलवायची कोणी, हा घोळ राहिला. मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर तर प्रशासकाचा कारभार होता, त्या काळात वसाहतीच्या लोकांनी कोणाकडे जायचे हेच कळत नव्हते. क्षेत्रसभेत बांधकामाचे अर्ज मंजूर-नामंजूर करायचे नाहीत, तो अधिकार तांत्रिक आहे आणि तांत्रिकच राहावा. परंतु प्रलंबित मोठ्या अर्जांची यादी तिथे वाचून दाखवायला काय हरकत आहे?

माझी मागणी अगदी मर्यादित आहे. लहान घरांना यात ओढू नये. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना शुल्काची पावती हीच परवानगी मानली आहे, आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, तेव्हा मंजूर ले-आउटमधली एक-दोन गुंठ्यांवरची बहुतेक घरे यात बसतात. त्यांना त्रास देण्यात अर्थ नाही. ०.४ हेक्टरपुढचे ले-आउट, १५ मीटरपेक्षा उंच इमारती, मंगल कार्यालय, रुग्णालय, पेट्रोल पंप, गोदाम, आणि रहिवासी जागेचा व्यापारी वापर, एवढ्याच प्रकारांत अर्ज दाखल झाल्यापासून तीन दिवसांत जागेवर चार फूट बाय तीन फुटांचा फलक लागावा. त्यावर सर्व्हे नंबर, वापर, मजले, उंची, नकाशातली रस्त्याची रुंदी आणि हरकतीची शेवटची तारीख, एवढेच असावे. फलकाचे छायाचित्र ऑनलाइन अर्जाला जोडल्याशिवाय छाननी पुढे सरकू नये. लागून असलेल्या मिळकतींना लेखी कळवावे. मालमत्ता कराच्या नोंदींतून त्यांची नावे पालिकेकडे आहेतच. प्रलंबित अर्जांची आठवड्याची यादी संकेतस्थळावर आणि झोन कार्यालयात लावावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती आपणहून जाहीर करा, असेच सांगते.

यावर बांधकाम व्यावसायिकांचा आक्षेप उशिराचा असेल, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर, नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावाला परवानगी मिळाल्याचे मानले जाते. म्हणून हरकतीची मुदत १५ दिवसांची ठेवावी आणि ती कागदपत्रांच्या छाननीबरोबरच चालावी. तीन आठवडे तरी फाइल तशीही त्रुटी काढण्यात आणि पूर्ण करण्यात जाते. त्यामुळे एकही दिवस वाढायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हरकत घ्यायची, पैसे उकळायचे आणि हरकत मागे घ्यायची, असा धंदा काही जण करतात हे शहराला ठाऊक आहे. त्याला आळा घालायला हरकतदाराची मालमत्ता कराची पावती किंवा राहण्याचा पुरावा मागावा, आणि जागेपासून ठरावीक अंतरातल्यांनाच हरकतीचा अधिकार द्यावा. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा नोंदवलेला मुद्दा हरकत मागे घेतली तरी तपासला जावा आणि त्यावर लेखी निष्कर्ष यावा. मागे घेतल्याने मुद्दा मिटत नसेल, तर मागे घेण्याची किंमतच उरत नाही. अर्जदारालाही हे सोयीचे आहे. ज्याचा नकाशा नियमात आहे त्याला कोणाच्याही दारात जावे लागणार नाही.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक मुद्द्यापुढे मान्य की अमान्य आणि का, हे दोन ओळींत लिहावे. रस्ता रुंदीचा वाद असेल तर कनिष्ठ अभियंत्याने दोन्ही बाजूंसमोर टेप लावून पंचनामा करावा. नकाशात खोटी माहिती दिल्याचे निघाले तर परवानगी रद्द करण्याचे अधिकार पालिकेला आहेत, ते वापरावेत, आणि त्या नकाशावर सही करणाऱ्या परवानाधारकाची नोंद घ्यावी.

आयुक्तांना शहरभर एकदम हे करणे जड वाटत असेल, तर जुळे सोलापूरचा भाग ज्या झोनमध्ये येतो तिथे सहा महिने लावून पाहावे. मोठ्या ले-आउटचे आणि मंगल कार्यालयांचे अर्ज तिथे भरपूर असतात, आणि लिहिता-वाचता, बोलता येणारे रहिवासी संघही आहेत. त्यानंतर पूर्व भागातला एखादा झोन घ्यावा, जिथे घरातले माग, दाटी आणि भाषा या तिन्हींची कसोटी लागेल. किती अर्जांवर फलक लागले, किती हरकती आल्या, त्यांतल्या किती नियमाला धरून होत्या, किती नकाशे त्यामुळे बदलले आणि सरासरी किती दिवस लागले, हे पाच आकडे सहा महिन्यांनी आपल्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

आपला,
बांधकाम परवान्यांच्या कामात आयुष्य घालवलेला एक वाचक,
विजापूर रोड, सोलापूर